कॉट नंबर सहावरचे चांगदेव बोऱ्हाडे

घोडेगाव,
२४ मार्च १९९८

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी,

कुंडलिकचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून आणि जमलंच तर तोंड लपवून नमस्कार. इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मी स्वतः खुशाल नाही. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जिवात जीव आला. हिरवी पट्टी सुटेपर्यंत वाकायचं नाही, जोरात खोकायचं नाही आणि संतापायचं नाही, असं डॉक्टर सांगतात (आमच्या दवाखान्यात बैलाच्या डोळ्याला टाका घातला की आम्हीही हेच सांगतो, आणि बैल ऐकतो). त्यातलं तिसरं पथ्य हे पत्र संपेपर्यंत कसोशीनं पाळावं, ही पहिली विनंती. आक्काचा गुडघा कसा आहे? जर्सी गाय दुधाला कशी आहे? तिच्या डाव्या सडाला गाठ होती ती मी दिलेल्या मलमानं बसली का? कुंडलिक एवढ्या चौकशा करतोय म्हणजे काहीतरी करून बसलाय, हे तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेलच.

काल संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरनं बातमी आणली. तुम्ही पुण्याहून येऊन फाट्यावर उतरलात, एका हातात पिशवी, एका डोळ्यावर पट्टी, आणि स्टँडवरच तिघांनी तुम्हाला गाठून विचारलं की मिटलं का घरातलं. पानवाल्यानं म्हणे तुमच्या खांद्यावर हात ठेवला. पट्टी बघून एकानं तर आक्कानं हातसुद्धा उचलला असं ठरवून टाकलं. दाजी, तुम्ही पुण्यात पुतण्याकडे असताना आळेफाट्याच्या श्रमपरिहार लॉजमध्ये कॉट बेसिसवर, कॉट नंबर सहा, ‘चांगदेव महादू बोऱ्हाडे’ या नावाचा एक गृहस्थ तीन दिवस राहून गेला, आणि त्याला त्याच्या बायकोनं घराबाहेर काढलं होतं, अशी जी बोलवा आहे ती बायकोचा भाग सोडला तर खरी आहे. तो गृहस्थ मी होतो.

(इथे जरा थांबून पाणी प्यावं. मग पुढे वाचावं.)

आता मुळापासून सांगतो. माघ महिन्यात तुम्ही आमच्या वृषालीसाठी रामनाथचं स्थळ घेऊन आलात. येडगावच्या भिमाजींचा मुलगा, आळेफाट्याला स्वतःचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटार नवी तार भरून चालू करून देतो, निर्व्यसनी, शांत. तुम्ही जेवून हात धुतलात आणि म्हणालात, “कुंडलिक, डोळे झाकून दे.” हे तुमचेच शब्द आहेत, वृषालीची आई रत्ना साक्षीला आहे. दाजी, मी सव्वीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक आहे. डोळे झाकून मी आजवर शेळीसुद्धा घेतलेली नाही. बेल्ह्याच्या बाजारात खोंड घ्यायचं तर मी आधी त्याला चालवून बघतो, मग दात बघतो, मग लांब उभा राहून मालक त्याच्याशी कसा वागतो ते बघतो, आणि एवढं करून पुष्कळदा नुसताच घरी येतो. इथे तर वृषालीचा प्रश्न. आमची एकुलती एक पोर. बारावीसाठी दोन वर्षं तुमच्याकडे राहिली तेव्हाच घर खायला उठलं होतं. आता टायपिंग शिकते, चारची बॅच. पाऊस असो, ताप असो, पाव्हणे बसलेले असोत, पावणेचार वाजले की ही निघाली. वर्षभरात एक दिवस क्लास चुकवलेला नाही. टायपिंगची एवढी गोडी असलेली मुलगी सबंध आंबेगाव तालुक्यात दुसरी नसेल, असं मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत असतो.

तेव्हा चौकशी करणं भाग होतं, आणि अडचण अशी की चौकशी करायची कुठे उतरून? तुमच्या घरी राहून तुम्हीच आणलेल्या स्थळाची चौकशी करायची म्हणजे तुमचं मीठ खाऊन तुमच्याच शब्दावर शंका घ्यायची. बरं, तुमच्याकडे न उतरावं तर आपल्यात बहिणीचं घर ज्या गावात आहे तिथे भावानं लॉजवर राहणं म्हणजे बहिणीला तिच्या जिवंतपणी तिलांजली देणं. पंधरा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आणि मग आक्काचा निरोप आला की तुम्ही डोळ्यासाठी पुण्याला चाललात. मी ठरवलं की दोन पापांपैकी जे कुणाला कळणार नाही ते करायचं. रत्नाला सांगितलं, आहुप्याला लसीकरणाचं शिबिर आहे, तीन दिवस. (आहुपे मुद्दाम निवडलं. तिथे फोन नाही आणि एसटी मनात आलं तर जाते, त्यामुळे खरंखोटं करायला कुणी जात नाही.) निघताना वृषालीनं कधी येणार, कुठल्या गाडीनं येणार, नक्की आहुप्यालाच ना, असं तीनदा विचारलं. लेकीची माया म्हणून मला भरून आलं.

दाजी, एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात मी लॉजची पायरी चढलो नव्हतो. पुण्याला गेलो तर मावसभाऊ, नाशिकला साडू, नगरला आतेबहीण. कुठेही जा, अंथरूण घालायला कुणीतरी असतंच. श्रमपरिहारच्या काउंटरवर पप्पूशेठ म्हणून मॅनेजर आहे. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग बाहेर रस्त्यावर पाहिलं, आणि एकटेच का म्हणून विचारलं. एकटा माणूस म्हटला की लॉजवाल्याला तो एक तर पळून आलेला वाटतो, नाहीतर जिवाचं बरंवाईट करायला आलेला, हे मला तेव्हा कळलं. मी हसायचा प्रयत्न केला, त्यानं त्याचा संशय वाढला असावा. मग त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, गाव, येण्याचं कारण. सरकारी नोकराच्या हाताला रजिस्टर बघितलं की घाम फुटतो. खरं नाव लिहिलं तर रामनाथच्या कानावर जायला किती वेळ? खोटं लिहावं तर ऐनवेळी एकही खोटं नाव आठवेना. मागे दोन ड्रायव्हर आंघोळीच्या बादल्या घेऊन उभे. आणि मग माझा हात आपोआप चालला. लग्न होऊन आक्का तुमच्या घरी आली तेव्हापासून दर महिन्याला जे कार्ड टाकतो, त्यावर काय लिहितो मी? बहिणीला लिहिलेलं कार्ड असलं तरी वर नाव कुणाचं? ‘चांगदेव महादू बोऱ्हाडे’. आणि ते लिहून झालं की हात थांबतो का? खाली ‘पाण्याच्या टाकीमागे, आळेफाटा, तालुका जुन्नर’ असा पत्तासुद्धा लिहून मोकळा झालो. पिनकोड लिहिताना भानावर आलो.

पप्पूशेठनं वाचलं. “गाव आळेफाटा? म्हंजे हितलंच?” त्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “असू द्या, भाऊ. बाईमानसाचा राग दोन दिसांचा असतोय. काढा हितं दोन दिस.” येण्याचं कारण या रकान्यात त्यानं स्वतःच ‘घरगुती’ असं लिहिलं. दाजी, त्या क्षणी मला खुलासा करता आला असता. मी फक्त मच्छरदाणी मिळेल का एवढंच विचारलं.

वरच्या मजल्यावर पत्र्याखाली एक लांब हॉल, बारा कॉट. प्रत्येक कॉटच्या पायाला एक साखळी, सामान बांधायला. ज्या ठिकाणी पिशवीला साखळी लागते तिथे माणसाची काय हमी, या विचारानं मी दाराची कडी तीनदा ओढून बघितली. फाट्यावर राहणारे बहुतेक ट्रकड्रायव्हर, ते रात्रभर गाडी हाकून दिवसा झोपतात, त्यामुळे भर दुपारी हॉलमध्ये अंधार करून दहा जण घोरत असतात आणि आपण चोरासारखे चवड्यांवर चालायचं. गरम पाणी पहाटे पाच ते सहा, तेही टोकन दाखवून. भिंतीवर एक पाटी होती, ‘हरवलेल्या वस्तूंस व्यवस्थापन जबाबदार नाही’, आणि तिच्यातला ‘नाही’ मात्र कुणीतरी खोडून ठेवला होता. ही चेष्टा की सूचना, हे मला तीन दिवसांत ठरवता आलं नाही. ढेकणांबद्दल काय लिहू? माझ्या पिशवीत गुरांच्या गोचिडांवर मारायची पावडर होती (शिबिराला जातो म्हटल्यावर काहीतरी घ्यायला हवंच होतं). ती मी गादीवर सढळ हातानं भुरभुरली. ढेकूण जागेवर राहिले आणि दहा ड्रायव्हर शिंकत उठले. शिवाय एक विचार डोक्यातून जाईना. समजा, झोपेतच माझ्या छातीत कळ आली आणि मी गेलो, तर रजिस्टरप्रमाणे गेले कोण? चांगदेव बोऱ्हाडे. पप्पूशेठ प्रेत कुठे पोचवणार? तुमच्या दारात. आक्काला नवरा गेल्याचा निरोप जाणार आणि चादर उचलून बघते तर भाऊ. या काळजीनं मी पडल्या पडल्या स्वतःची नाडी मोजत राहिलो.

आता कॉट नंबर सातबद्दल. त्या कॉटवर एक साठीचे गृहस्थ होते, पांढरी टोपी, धोतर. संगमनेरचा रखमाजी, कांद्याचा व्यापारी, अशी त्यांनी ओळख सांगितली. मी चांगदेव बोऱ्हाडे म्हटलं तर त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यानंतर त्यांनी आपली पिशवी साखळीनं नाही, तर उपरण्यानं स्वतःच्या पायाला बांधली आणि माझ्याकडे तोंड करूनच झोपले. मला वाटलं, माणूस डोक्यानं अधू असावा. पण बोलायला गोड. दुसऱ्या दिवशी सकाळी टोकन घेऊन गरम पाण्याच्या रांगेत उभे होतो तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की घोडेगावला तुमचे एक मेव्हणे आहेत म्हणे, गुरांच्या दवाखान्यात, माणूस कसा आहे? (माझ्याच मेव्हण्याची याला का पंचाईत, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही. मी स्वतःचा मेव्हणा झालो होतो, त्यातच गोंधळलो होतो.) स्वतःची स्तुती करावी तर बरं दिसेना आणि निंदा करवेना. म्हणून मी आपलं खरं काय ते सांगायला लागलो. म्हटलं, माणूस वाईट नाही, पण काळजीखोर, कुलूप तीनदा ओढून बघतो. एकच मुलगी आहे, तिचं लग्न करायला निघालाय. आणि मग दाजी, तुमचं नाव पांघरलेलं असल्यामुळे की काय, जे मी रत्नाजवळही कधी बोललो नाही ते त्या अनोळखी माणसाजवळ बोलून गेलो. म्हटलं, “चौकशी करतोय तो, पण मनातून त्याला वाटतंय की स्थळात काहीतरी खोट निघावी. म्हणजे पोर अजून वर्षभर घरात राहील.” त्यांनी त्यांचं टोकन पुढे केलं आणि माझी बादली आधी भरून दिली.

ते तीनही दिवस मी रामनाथच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. मुलगा मी सगळ्या बाजूंनी तपासला. चाल सरळ. पाठीत बाक नाही. दात मजबूत, कारण तारेवरचं कव्हर दातांनीच सोलतो (ही सवय सोडवायला हवी). गिऱ्हाईक अंगावर ओरडलं तरी आवाज चढवत नाही. पिंपळवंडीच्या एका शेतकऱ्यानं जळालेली मोटार टेबलावर आपटली तर हा आधी त्याला पाणी द्यायला उठला. मी खोट शोधत होतो आणि जसजशी ती सापडत नव्हती तसतसा माझा जीव घाबरा होत होता. आणखी एका गोष्टीनं मला बेचैन केलं. मला मधुमेह आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण त्या टपरीवाल्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तरीही पहिल्या दिवशी दुसऱ्या कपापासून तो मला न सांगता बिनसाखरेचा चहा द्यायला लागला. दुसऱ्या दिवशी माझं बाकडं उन्हातून उचलून सावलीत ठेवलेलं. मला वाटलं, माझ्यावर पाळत आहे. मी पेपर उलटा तर धरला नाही ना, हेसुद्धा बघितलं.

आणि मग सापडलं. रोज चार वाजायला आले की रामनाथ हात धुवायचा, केस विंचरायचा, दुकानाचं शटर अर्धं ओढायचा आणि सायकलवर टांग मारून अर्धा तास गायब व्हायचा. पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी मागे गेलो, तर तो वळला तुमच्याच गल्लीत, पाण्याच्या टाकीकडे. तिथे माझे पाय थांबले, कारण पुढे आक्का. दारू? पत्ते? कुणी बाई? त्या गल्लीत तुमच्या घरापलीकडे कोण कोण राहतं ते मी बोटांवर मोजलं आणि प्रत्येकाबद्दल वाईट विचार केला. खोट सापडली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी परत येऊन ढेकणांत आडवा झालो.

त्याच दिवशी दुपारी आणखी एक प्रकार घडला, तो मला नंतर कळला. पप्पूशेठ मनानं चांगला माणूस. त्याला माझी दया आली आणि त्यानं समेट करायला आपल्या आईला आणि शेजारच्या टायरवाल्याला तुमच्या घरी पाठवलं. वहिनी, झालं गेलं विसरा, माणूस लॉजवर शिंकतोय, घरात घ्या, असं त्यांनी आक्काला हात जोडून सांगितलं. आक्कानं त्यांना ताक पाजलं आणि मग काय सांगायचं ते सांगितलं. तुम्ही खरंच पुण्याला गेलात की नाही, अशी शंका तिच्या मनात माझ्यामुळे आली असेल, तर दाजी, ती पट्टी म्हणजेच तुमचा पुरावा. लवकर काढू नका.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की काय व्हायचं ते होवो, बघायचंच. पावणेचारला मी वळसा घालून शेताच्या बाजूनं तुमच्या परसात शिरलो आणि कडब्याच्या गंजीमागे दडलो. तिथे आधीच कुणीतरी दडलेलं होतं. पांढरी टोपी, धोतर. रखमाजी. दोघंही दचकलो. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की कडबा विकत घ्यायचाय, बघायला आलो. मी सांगितलं की हे माझंच घर, बायकोला चोरून बघायला आलो. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी नजर वळवली. एवढ्यात सायकल वाजली. रामनाथ आला, आणि दाजी, तो सरळ तुमच्या घरात गेला. खिडकीतून दिसत होतं: आक्कानं फोनच्या टेबलाजवळ पाट टाकून ठेवलेला. तो बसला. ठीक चार वाजता फोनची घंटी वाजली.

पुढचं सगळं मला जसंच्या तसं पाठ आहे. तो म्हणाला, “आज टायपिंगला उशीर न्हाई ना झाला?” मग जरा थांबून, “व्हय, आजबी आलेत तुझे बाबा. फोटोतल्यापेक्षा वाळलेत. चहात साखर घालू नको म्हणून मी टपरीवर सांगून ठेवलंय... न्हाई गं, चिडू कशाला? बघू दे त्यांना मन भरेस्तवर. एकुलती लेक हाये. ओळख दाखवली तर लाजतील. लॉजवर ढेकणं लई हायेत, तेवढंच वाईट वाटतंय.” मग तो हसला. “आन् ऐक की, आमचं अण्णा नाशिकला द्राक्षाच्या काड्या आणतो म्हणून गेलेत, ते बी त्याच लॉजवर हायेत. शेजारच्या कॉटवर. दोघं काय बोलत असतील कुणास ठाऊक.”

गंजीमागे आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांची टोपी कडब्यात अडकून वाकडी झाली होती. शेवटी भिमाजीच बोलले. “चांगदेवराव आमच्या घरी माझ्या मांडीला मांडी लावून जेवलेत, पावणं. तुमी चांगदेव न्हाई, ह्ये मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं. मी तुमाला ठग समजून पिशवी पायाला बांधली.” मी विचारलं, मग रखमाजी कोण? तर म्हणाले, धाकटा भाऊ, त्याला अजून सांगितलं नाही. तेही, दाजी, तुमच्याच शब्दाची चौकशी करायला आले होते. आमची पोर तुमच्या घरी राहून गेली तेव्हा तिचं वळण कसं होतं, ते बघायला. मुलानं बजावलं होतं की चांगदेवमामांनी सांगितलंय म्हणजे विचारायचं काम नाही, म्हणून मुलाला चोरून. मग त्यांनी टोपी सरळ केली आणि मला एकच विचारलं.

“मग, कुंडलिकराव? सापडली का खोट?”

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसा आपण लांबच्या बाजाराला निघालेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवतो, आणि तेवढ्यात आक्का गाईला कडबा न्यायला परसात आली. आम्ही दोघं दोन दिशांना पळालो. ते साठ वर्षांचे आणि मी एक्कावन्न, पण येडगावचं पाणी वेगळं. ते माझ्या आधी कुंपणापलीकडे होते. माझ्या उजव्या पायातली चप्पल तुमच्या गंजीपाशी राहिली.

एका चपलेनं घोडेगावला आलो. रत्नाला सांगितलं, आहुप्याच्या चिखलात रुतली. ती म्हणाली, मार्चात? वृषालीनं बिनसाखरेचा चहा आणून दिला, माझ्या मानेकडे बघितलं आणि विचारलं, “आहुप्याला ढेकूण फार आहेत का हो, बाबा?” मी म्हटलं, गोचीड. ती आत गेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला आणि मी कपात बघत बसलो. हे हसणं आता आळेफाट्याला जाणार, हा विचार आला आणि डोळ्यात पाणी आलं. पण दाजी, घाबरल्यासारखं वाटलं नाही. हे माझ्या बाबतीत नवीन आहे.

तेव्हा झाल्या प्रकाराची माफी मागतो. पप्पूशेठला भेटून सांगावं की मिटलं. तुमच्या शब्दावर शंका घेतली, तुमच्या गावात लॉजवर राहिलो, तुमचं नाव ढेकणांत लोळवलं. यातल्या कुठल्याही एका गोष्टीसाठी माझ्याशी वर्षभर बोलू नये, मी समजून घेईन. आक्काला नमस्कार, तिच्या गुडघ्यालाही.

आपला अपराधी,
कुंडलिक

ता.क. हे पत्र तुम्ही स्वतःच वाचावं, एक डोळा उघडा आहे. काही झालं तरी आक्काला वाचायला देऊ नये.

ता.क. दुसरा. आक्का, तू हे मोठ्यानं वाचून दाखवते आहेस हे मला माहीत आहे. चप्पल चुलीत घालू नकोस, तिची डावी माझ्याकडे आहे. तू मला काही सांगितलं नाहीस याचा राग मी तुझ्या गुडघ्याकडे बघून सोडून दिला आहे. मात्र रामनाथला पाटावर बसवत जाऊ नकोस. खुर्ची दे.

ता.क. तिसरा, आणि खरं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. दाजी, पाडव्याला आमच्याकडे जेवायला या. जेवण झालं की हात धुऊन, मागे म्हणालात तेच पुन्हा म्हणा, त्याच शब्दांत, वृषालीच्या देखत: “कुंडलिक, डोळे झाकून दे.” मला काहीच माहीत नाही, असं मी करीन. थोडा वेळ घेईन, कपाळाला आठ्या घालीन, आणि हो म्हणेन. पोरांना वाटू दे की त्यांनी आपल्याला फसवलं.

हे पत्र मी ओट्यावर बसून लिहितो आहे. चारला पंधरा कमी आहेत. वृषाली वही घेऊन मघापासून दारात घुटमळते आहे, मी बघतोय म्हणून पाय निघत नाही तिचा. तेव्हा इथेच थांबतो आणि उठून गोठ्याकडे जातो.